गिफ्ट कार्डातलं क्रिप्टो आणि नव्या काळाचं बलुतं

‘बँक नको, रुपया नको, सरकार तर नकोच. मोबाईलमधलं क्रिप्टो द्या, त्याचं गिफ्ट कार्ड घ्या आणि किराण्यापासून कपड्यांपर्यंत सगळं घरपोच मागवा.’ हा सल्ला आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. पंढरपूर तालुक्यातल्या आमच्या करकंबसारख्या गावातही तो पोहोचला आहे. ज्यांच्या आईबापांनी दुसऱ्याच्या द्राक्षबागेत आणि उसाच्या फडात राबून लेकरं शिकवली, त्यांतली काही लेकरं आज घरी बसून परक्या देशातल्या लोकांची कामं करतात. कुणी व्हिडिओ कापून-जोडून देतो, कुणी चित्रं तयार करतो, कुणी माहिती भरतो. मोबदला म्हणून कधी डॉलरशी बांधलेलं आभासी नाणं येतं, तर कधी थेट गिफ्ट कार्डाचा नंबर येतो. मग ही मुलं आम्हाला विचारतात, ‘यात वाईट काय? आम्हाला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.’

प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून उत्तरही आडपडदा न ठेवता देतो. आभासी चलन बाळगणं हा गुन्हा आहे, असं आम्ही म्हणत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की, स्वातंत्र्याच्या नावाखाली शेवटी जे हातात पडतं ते नव्या काळाचं बलुतं आहे. ज्या समाजाने बलुतं सोडून रोख मजुरी मिळवण्यासाठी पिढ्या खर्ची घातल्या, त्या समाजाने तरी ते ओळखलं पाहिजे.

आधी हा व्यवहार कसा चालतो ते पाहू. तुम्ही एखाद्या संकेतस्थळावर जाता. तिथे मोठमोठ्या कंपन्यांची नावं असतात. त्यातली एक निवडता, हजार किंवा दोन हजार रुपयांचं कार्ड निवडता आणि तेवढ्या किमतीचं बिटकॉइन किंवा यूएसडीटी पाठवता. थोड्या वेळात अंकाअक्षरांचा एक कोड येतो. तो त्या कंपनीच्या अॅपमध्ये भरला की तिथे तुमच्या नावावर शिल्लक दिसू लागते. आता विचार करा, त्या कंपनीने तुमचं क्रिप्टो घेतलं का? नाही. तिने ते पाहिलंसुद्धा नाही. तिला तिच्या कार्डाचे रुपये आधीच मिळालेले आहेत. मधल्या संकेतस्थळाने रुपयांत घेतलेलं कार्ड तुम्हाला नाण्यात विकलं, एवढंच झालं. म्हणजे रुपयाला फाटा देऊन केलेली ही खरेदी शेवटी रुपयातच झाली. फरक एवढाच की रुपया त्यांच्या हातात गेला आणि तुमच्या हातात कोड आला.

ही गंमत क्रिप्टोच्या जन्मापासूनची आहे. २२ मे २०१० रोजी फ्लोरिडातल्या एका प्रोग्रामरने १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा घेतले. क्रिप्टोने केलेली रोजच्या वापरातली पहिली खरेदी म्हणून त्या दिवसाचा सण साजरा होतो. पण पिझ्झावाल्याने बिटकॉइन घेतलेच नव्हते. बिटकॉइन घेतले दुसऱ्या एका माणसाने आणि त्याने पिझ्झावाल्याला डॉलर मोजले. पहिल्या दिवशीही मधे एक सराफ बसलेला होता आणि आजही बसलेला आहे.

सराफ म्हटलं की आपल्या भागातल्या जुन्या माणसांना बट्टा आठवतो. बार्शीच्या पलीकडे परांडा लागलं की निजामाचं राज्य. तिकडे हाली सिक्का चालायचा, इकडे इंग्रजांचा कलदार. साधारण सात हालीला सहा कलदार असा हिशोब. तिकडची मिळकत इकडच्या बाजारात खर्चायची तर ती आधी बदलून घ्यावी लागे आणि बदलून देणारा आपला बट्टा कापून घेई. ज्याचं नाणं बाजारात सरळ चालत नाही, त्याला दरवेळी बट्टा द्यावा लागतो, हा जुना नियम आहे. गिफ्ट कार्डाच्या संकेतस्थळावर बट्टा हा शब्द कुठे लिहिलेला नसतो. तो नाण्याच्या भावात मुरवलेला असतो, शिवाय नाणं पाठवण्याचं शुल्क वेगळं. ‘पाच टक्के सूट’ अशी पाटी असली तरी भाव कोणता धरला हे पाहिल्याशिवाय ती सूट खरी मानू नये.

पण बट्ट्यापेक्षा मोठी गोष्ट निवडीची आहे. हजार रुपयांची नोट घेऊन नव्हे, शंभराची एक नोट घेऊन करकंबच्या बाजारात जा. भाजीवालीकडे ती चालते, पिठाच्या गिरणीत चालते, एसटीत चालते, औषधाच्या दुकानात चालते. उरलेले सुट्टे परत मिळतात. हजार रुपयांचं गिफ्ट कार्ड मात्र यातल्या एकाही ठिकाणी चालत नाही. ते ज्या कंपनीचं, तिच्याच दारात चालतं. नऊशे चाळीसची वस्तू घेतली तर साठ रुपये तिथेच अडकून पडतात. मुदत संपली तर शिल्लक जाते. रात्री अडीच वाजता म्हातारीच्या छातीत दुखायला लागलं तर त्या कार्डातून रिक्षावाल्याला देण्यासाठी दहा रुपये निघत नाहीत.

नियमही असेच आहेत. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली काढलेल्या निर्देशांनुसार बँका आणि परवानाधारक संस्थांची गिफ्ट कार्डं १०,००० रुपयांपर्यंतचीच असू शकतात, ती पुन्हा भरता येत नाहीत आणि त्यांतून रोख काढता येत नाही. एखादी कंपनी फक्त आपल्याच दुकानापुरतं कार्ड काढत असेल, तर त्याला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची गरजही लागत नाही. म्हणजे ज्या कार्डांवर आमची मुलं भिस्त ठेवतात, त्यातल्या बऱ्याच कार्डांच्या अटी कंपनीच लिहिते आणि कंपनीच बदलते.

आता बलुत्याची आठवण करा. गावकीची सगळी कामं महाराने करायची. सांगावा नेणं, सरकारी पाहुण्यांची बडदास्त, वेशीची राखण, मेलेलं जनावर ओढणं. बदल्यात काय? खळ्यावर सुगीच्या वेळी मिळेल ते धान्य आणि दारोदार मागून आणलेली भाकरी. किती द्यायचं हे देणारा ठरवणार, काय द्यायचं हे देणारा ठरवणार, कधी द्यायचं हेही देणाराच ठरवणार. धान्य कमी होतं हे दुःख होतंच. पण त्याहून मोठं दुःख हे होतं की त्या मोबदल्याने माणूस गाव सोडून कुठे जाऊ शकत नव्हता. भाकरीचा तुकडा घेऊन मुंबईचं तिकीट काढता येत नाही. ज्याच्या हाती रोख आली तो गिरणीत गेला, रेल्वेत गेला, गोदीत गेला. आमच्या आजे-पणज्यांना सोलापूरच्या आणि मुंबईच्या गिरण्यांतली धूळ का गोड लागली? तिथेही विणाई खात्यात त्यांना शिरू दिलं जात नव्हतं, हे खरं. पण पगार रोख होता आणि तो कुठे खर्चायचा हे मालक सांगत नव्हता.

म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. बलुत्याचं रूपांतर पैशात करावं, ते गावकऱ्यांच्या मर्जीवर न ठेवता सरकारी पट्टीसारखं वसूल व्हावं, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. पुढे केंद्रात मजूर खातं सांभाळताना १९४६ साली त्यांनी किमान वेतनाचं विधेयक मांडलं. १९४८ साली झालेल्या त्या कायद्यात किमान वेतन रोखीत द्यावं हा नियम होता आणि वस्तुरूपाने देणं हा अपवाद होता. त्याआधीच्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यानेही मजुरी चालू नाण्यांत किंवा नोटांत द्यावी असंच सांगितलं होतं. इंग्लंडातल्या कामगारांनी तर मालकाच्या दुकानातला माल मजुरी म्हणून घ्यायला नकार देत १८३१ साली कायदा करवून घेतला होता. जगभरच्या कष्टकऱ्यांनी शंभर-दोनशे वर्षांत एक साधी गोष्ट मिळवली. ती म्हणजे आमच्या घामाचं मोल आम्हाला अशा रूपात द्या, जे कुठेही चालेल. परदेशातला कुणी कामाच्या बदल्यात गिफ्ट कार्डाचा कोड पाठवतो, तेव्हा तो ही मिळकत परत घेत असतो. कोड चकचकीत आहे म्हणून त्याचं बलुतंपण जात नाही.

आता आमच्या तरुणांच्या बाजूने बोलू. त्यांच्याकडे दोन मुद्दे आहेत आणि दोन्ही खरे आहेत.

पहिला मुद्दा बँकेचा. क्रिप्टो कुणाला तरी थेट विकून खात्यात रुपये घेतले आणि ते रुपये कुठल्याशा फसवणुकीतले निघाले, तर सायबर पोलिसांच्या पत्रावर बँक खातं गोठवते. गुन्हा दूरच्या राज्यात नोंदलेला असतो. खातेदाराचा त्याच्याशी काही संबंध नसतो. तरी आईच्या उपचाराचे पैसे अडकतात आणि पोराला परराज्यातल्या पोलीस ठाण्याचे फोन करत बसावं लागतं. ज्याच्यामागे वकील नाही, पुढारी नाही, त्याचं खातं सुटायला महिने जातात. अशा पोराने ‘त्यापेक्षा गिफ्ट कार्ड बरं’ म्हटलं तर त्याला मूर्ख कसं म्हणायचं? बँकेवर विश्वास ठेवा असं सांगणाऱ्यांनी ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आठवावी. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांना आपल्याच खात्यातून सुरुवातीला फक्त हजार रुपये काढायची मुभा होती, तेही आठवावं.

दुसरा मुद्दा नावाचा. यूपीआयने पैसे दिले की समोरच्याच्या मोबाईलवर पूर्ण नाव उमटतं. आडनाव वाचलं की जात कळते, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. एक मुलगा आम्हाला म्हणाला, ‘नोटेला जात नव्हती, मोबाईलने ती परत आणली.’ या वाक्याला आमच्याकडे उत्तर नाही. ते खरं आहे.

पण मग गिफ्ट कार्डाने हे दोन प्रश्न सुटतात का? नावाचंच पाहू. कार्डावर मागवलेली वस्तू घरी येण्यासाठी नाव, मोबाईल नंबर आणि पत्ता द्यावाच लागतो. पत्त्यात वस्तीचं नाव येतं. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. पण पाटी बदलली म्हणून गावाच्या तोंडातलं नाव लगेच बदलत नाही. पार्सल घेऊन येणारा पोरगा आजही जुन्याच नावाने वस्ती विचारतो. जात लपवण्याची सोय कोडमध्ये नाही. आणि आम्ही तर म्हणतो, लपवायचं आम्हीच का? लाज वाटायची असेल तर ती आडनाव वाचून तोंड फिरवणाऱ्याला वाटावी.

पोलिसांचं आणि कराचं पाहू. ‘गिफ्ट कार्ड घेतलं की कर लागत नाही’ हा प्रचार साफ खोटा आहे. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. नाणं देऊन रुपये घेतले काय आणि नाणं देऊन कार्ड घेतलं काय, कायद्याच्या दृष्टीने तुम्ही नाणं दुसऱ्याला दिलंत. गिफ्ट कार्डं आणि व्हाउचर स्वतः आभासी मालमत्ता धरली जात नाहीत, असं सरकारने ३० जून २०२२ च्या अधिसूचनेत म्हटलं आहे. त्याचा अर्थ कार्डावर तो कर नाही इतकाच. कार्डासाठी जे नाणं दिलं, त्यावरच्या नफ्याला तो चुकत नाही. मोबदला म्हणून मिळालेलं नाणं हे उत्पन्न आहेच, ते वेगळं. शिवाय १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढच्या व्यवहारांवर एक टक्का करकपात आहे. मार्च २०२३ पासून क्रिप्टोची देवाणघेवाण करणाऱ्या कंपन्या काळा पैसाविरोधी कायद्याखाली आल्या आहेत, त्यामुळे ओळख पटवणं आणि संशयास्पद व्यवहार कळवणं त्यांना बंधनकारक आहे. मग गुप्तता उरली कुठे?

आणि हा ३० टक्के कर कुणाला लागतो ते पाहा. इतर उत्पन्नाला जी मूळ करमुक्त मर्यादा आहे, तिचा आधार या नफ्याला मिळत नाही. एका नाण्यात तोटा झाला तर तो दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा होत नाही. म्हणजे ज्याचं वर्षाचं सगळं उत्पन्न करपात्रच नाही, त्या मजुराच्या पोराला आणि दक्षिण मुंबईतल्या कोट्यधीशाला या नफ्यावर दर सारखाच. कर वसूल करायला सरकार पुढे आहे, संरक्षण द्यायला मात्र कुणी नाही. बँक बुडाली तर फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकून पडले. त्यांना विमा नव्हता. त्याच्याही आधी ‘गेनबिटकॉइन’ योजनेत महिन्याला दहा टक्के परताव्याच्या आमिषाने लोकांना लुबाडल्याचा आरोप झाला. पुणे पोलिसांनी २०१८ साली त्यात अटका केल्या, पुढे प्रकरण सीबीआयकडे गेलं. अशा प्रकरणात सामान्य माणूस हेलपाटे घालून थकतो.

आणखी एक युक्तिवाद आपल्याच चळवळीतले काही सुशिक्षित मित्र करतात. ते म्हणतात, ‘बाबासाहेबांना सरकारच्या मर्जीने छापलं जाणारं चलन मान्य नव्हतं. बिटकॉइनची संख्या दोन कोटी दहा लाखांवर थांबते. म्हणजे हे बाबासाहेबांच्या मनातलंच चलन.’ ऐकायला छान वाटतं. अर्धं खरंही आहे. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात आणि १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढच्या साक्षीत त्यांनी चलन काढण्यावर पक्की मर्यादा हवी, ते राज्यकर्त्यांच्या लहरीवर नको, असंच मांडलं. पण मर्यादा कशासाठी? रुपयाची खरेदी करण्याची ताकद स्थिर राहावी यासाठी. भाव वाढले की व्यापाऱ्याचा नफा फुगतो आणि मजुराची मजुरी झिजते, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांच्या विचाराच्या मध्यभागी आठवड्याचा बाजार करणारा माणूस होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये एक बिटकॉइन जवळपास ६९,००० डॉलरला होता आणि वर्षभरात १६,००० च्या खाली आला. सोमवारी मिळालेल्या मजुरीत शनिवारी किती ज्वारी येईल हे ज्या नाण्यात सांगता येत नाही, ते बाबासाहेबांच्या कसोटीवर टिकत नाही. डॉलरशी बांधलेलं नाणं स्थिर दिसतं हे खरं, पण ते काढणारी एक खासगी कंपनी आहे. म्हणजे पुन्हा कुणाची तरी मर्जी आलीच.

एल साल्वाडोर या देशाने ७ सप्टेंबर २०२१ रोजी बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं. लोकांना वळवण्यासाठी सरकारी अॅपमध्ये तीस-तीस डॉलरचे बिटकॉइन फुकट दिले. तरी गरिबांचा बाजार डॉलरवरच चालत राहिला. जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून दुकानदारांवरची सक्ती काढावी लागली. राष्ट्राध्यक्षाच्या हुकुमाने जे झालं नाही, ते कार्ड विकणाऱ्या संकेतस्थळाने होणार नाही.

मग आमची मागणी काय? क्रिप्टोवर बंदी घाला, ही नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं होतं. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं, ते योग्यच झालं. आमची मागणी वेगळी आहे. संशयावरून सबंध खातं गोठवणं थांबवा, वादातली रक्कम तेवढीच रोखा आणि खातेदाराचं म्हणणं ठरावीक दिवसांत, त्याच्याच जिल्ह्यात ऐका. यूपीआयवर छोट्या रकमेला समोरच्याला पूर्ण नाव दिसणार नाही अशी सोय करा. गिफ्ट कार्डावरची शिल्लक मुदत संपली की ग्राहकाच्या बँक खात्यात परत जाईल असा नियम करा. कर घेता तर त्याच्या बरोबरीने संरक्षण द्या. आणि कष्टाचा मोबदला कार्डाच्या किंवा कोडच्या रूपात देणं हे मजुरी चुकवणं आहे, असं कायद्यात स्पष्ट लिहा.

तरुणांना आमचं सांगणं थोडक्यात आहे. काम करताना मोबदला बँकेत, रुपयात किंवा डॉलरात ठरवून घ्या. समोरचा ‘कार्डच देतो’ म्हणाला तर दर वाढवून मागा, नाहीतर काम सोडा. ‘दंड भरा, कर भरा आणि तो गिफ्ट कार्डाने भरा’ असा फोन आला तर तो चोर आहे हे पक्कं समजा, कारण कुठलंही सरकारी खातं असा पैसा मागत नाही. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. आणि आधीपासून जवळ असलेल्या नाण्याचा हिशोब वहीत लिहून ठेवा.

बँकेने आपल्याला अपमानाची वागणूक दिली म्हणून कंपनीच्या दारात कार्ड घेऊन उभं राहणं, हा अपमानाचा इलाज नाही. बँक सुधारायला लावणं, पोलिसांना जाब विचारणं, रुपयावरचा आपला हक्क सांगणं, हा इलाज आहे. तो लांबचा आहे, कंटाळवाणा आहे, त्यात अर्ज आहेत, मोर्चे आहेत. पण बलुतं असंच सुटलं होतं. कुणा व्यापाऱ्याने नवी युक्ती विकत दिली म्हणून ते सुटलं नव्हतं.

जय भीम.